कॅशियरच्या हाती लेजर नसतं

आमच्या ऑफिसात कुणी नवीन रुजू झालं की पहिल्या आठवड्यात मी त्यांना आमचा कोड दाखवतच नाही. एक जुना मेल सर्व्हर आहे, पोस्टफिक्सचा, त्यावर बसवते. चालू प्रोसेसची, म्हणजे त्या क्षणी धावत असलेल्या प्रोग्रामांची, यादी काढायची आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: ही कुठल्या युजरच्या नावाने चालते, कुणाकुणाशी बोलते, आणि आत्ता हिला मारलं तर नेमकं काय बंद पडेल.

यादी लहानच असते. वर मास्टर, तो रूट म्हणून, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावाने चालतो. त्याच्याखाली पिकअप आणि क्यूएमजीआर. बाहेरून एखादी मेल आली की एसएमटीपीडी उगवतो. तो बाहेरच्या जगाशी बोलतो, पण त्याच्या हातात फारसे अधिकार नसतात. त्याने घेतलेली मेल क्लीनअप नीटनेटकी करून रांगेत ठेवतो. रांग सांभाळणारा क्यूएमजीआर नेटवर्कला तोंडच दाखवत नाही. घरातल्याच कुणाची मेल असेल तर ती लोकलकडे, बाहेरची असेल तर एसएमटीपी नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे. आणि मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे यातले बरेच जण शंभर कामं झाली की आपणहून संपतात, किंवा शंभर सेकंद काही काम आलं नाही तरी संपतात. मास्टर लागेल तेव्हा नवीन उभा करतो. कुणाची मेमरी हळूहळू गळत असेल, तर त्याला गळायला फार वेळच मिळत नाही.

यंदा आलेल्या मुलीने यादी पाहून विचारलं, "ताई, एका मेलसाठी एवढी माणसं? एकाच प्रोग्राममध्ये पाच फंक्शन्स लिहिली असती तर?"

लिहिली होतीच की. त्या प्रोग्रामचं नाव सेंडमेल. बर्कलीला एरिक ऑलमनने तो लिहिला, आणि कितीतरी वर्षं इंटरनेटवरची बहुतेक मेल त्याच्यातूनच जात होती. बाहेरच्याशी बोलणं, पत्ता उलगडणं, रांग लावणं, घरोघरी पोचवणं, सगळं एकाच प्रोग्रामच्या पोटात, आणि तो रूटच्या अधिकारांनी चालायचा. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म, मशीनमागून मशीनमध्ये आपोआप पसरणारा प्रोग्राम, सुटला तेव्हा त्याने आत शिरायला जे रस्ते वापरले, त्यातला एक सेंडमेलच्या डीबग, म्हणजे चुका शोधायच्या, सोयीतून जात होता. ती सोय चालू राहिली असेल तर मेल कुणाला द्यायची त्या जागी कमांड लिहून पाठवता यायची. सेंडमेलमध्ये त्यानंतरही वर्षानुवर्षं भोकं सापडत राहिली. ऑलमन कच्चा प्रोग्रामर होता असं मला अजिबात वाटत नाही. एवढ्या मोठ्या प्रोग्राममध्ये एखादी चूक राहतेच. पण इथे कुठल्याही कोपऱ्यातल्या चुकीची किंमत पूर्ण मशीन, हे मात्र रचनेनेच ठरवलेलं होतं.

१९९७ मध्ये डॅनियल बर्नस्टाइनने क्यूमेल १.० हा मेल सर्व्हर काढला आणि सुरक्षेचं भोक दाखवणाऱ्याला ५०० डॉलर जाहीर केले. १९९८ मध्ये आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात काम करणाऱ्या वीत्से वेनेमाचं पोस्टफिक्स आलं. दोघांनीही मेलचं काम लहान लहान प्रोग्राममध्ये वाटलं. एकमेकांवर विश्वास न ठेवणारे प्रोग्राम. क्यूमेलमध्ये तर रांगेसाठी वेगळा युजर, बाहेर पाठवण्यासाठी वेगळा, बाहेरून घेण्यासाठी आणखी वेगळा.

मला हे पुस्तकातून कळायच्या आधी घरातून ठाऊक होतं. बाबा स्टेट बँक ऑफ इंदौरमध्ये होते. १९२० ची ही होळकरांच्या काळातली बँक, २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. इंदूरच्या मराठी घरांत एक तरी माणूस त्या बँकेत असायचाच. लहानपणी शाळा सुटल्यावर मी कधी कधी बाबांच्या शाखेत बाकावर बसून राहायची, त्यामुळे विड्रॉल कसा होतो ते मला तोंडपाठ होतं. गिऱ्हाईक काउंटरवर स्लिप देई. क्लार्क त्याच्या हातात पितळी टोकन ठेवी, लेजरात नोंद करी, आणि लेजर नि स्लिप दोन्ही आतल्या टेबलावर जाई. आतले साहेब स्पेसिमन सही ताडून बघत आणि पास करत. पास झालेली स्लिप शिपाई कॅशियरच्या जाळीच्या केबिनमध्ये नेऊन टाकी. कॅशियर टोकनचा नंबर पुकारी, टोकन परत घेई, पैसे मोजून देई. कॅशियरला खात्यात किती शिल्लक आहे ते माहीत नसे. त्याला ते बघायची मुभाच नव्हती. क्लार्कला शिल्लक दिसे, पण एका रुपयालाही त्याचा हात लागत नसे. साहेब सही करू शकत, पण रोख त्यांच्या टेबलावर कधी येत नसे. आणि स्ट्राँगरूमला दोन चाव्या, दोन वेगळ्या माणसांच्या खिशात. बाबा स्वतः बरीच वर्षं कॅशियर होते. कुणी ओळखीचं जाळीशी येऊन "जोशी, जरा बघा ना खात्यात किती आहेत," म्हणालं की ते हसून पलीकडच्या काउंटरकडे बोट दाखवायचे. बँकेने बाबांवर अविश्वास दाखवला असं त्यांना कधीच वाटलं नाही. उलट हिशेब जुळला नाही की कुठे शोधायचं ते सगळ्यांना आधीच माहीत असे, आणि त्यामुळे बाबा संध्याकाळी वेळेवर घरी येत.

त्या शाखेतलं सगळं काम एका स्लिपवर चालायचं, हे महत्त्वाचं. ती एवढीशी, ठरलेल्या रकान्यांची. क्लार्कने कॅशियरला आपलं अख्खं टेबल उचलून दिलं नाही. वेगळ्या प्रोसेस केल्या आणि त्यांच्यामधून हवं ते जाऊ दिलं, तर वेगळं करून काय मिळवलं?

आता थोडं यंत्राबद्दल, कारण हे कळल्याशिवाय पुढचा वाद पोकळ होतो. कोडमध्ये आपण ज्या भिंती घालतो, क्लास, मॉड्यूल, पॅकेज, त्या सभ्यतेच्या भिंती आहेत. सगळे नियमाने वागले तर उभ्या राहतात. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणारी कामं, वेगळे केले तरी मेमरी सगळ्यांची एकच, त्यामुळे एकाने भलत्याच पत्त्यावर लिहिलं की प्रोसेसच मरते, तिच्यातल्या सगळ्या थ्रेडसकट. प्रोसेसची भिंत मात्र कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि प्रोसेसर मिळून राखतात. प्रत्येक प्रोसेसचा पत्त्यांचा नकाशा वेगळा, युजर वेगळा, उघडलेल्या फाइलींची यादी वेगळी. दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीचा पत्ता माझ्या नकाशात नाहीच, मग वाचणार कुठून?

एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड आठवतं ना? ओपनएसएसएल या, वेबवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतल्या एका न तपासलेल्या लांबीमुळे समोरचा माणूस एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी मागून घेऊ शकत होता, पुन्हा पुन्हा. त्या मेमरीत लोकांचे पासवर्ड होते, आणि सर्व्हरची खाजगी किल्लीसुद्धा निघू शकत होती, कारण ती त्याच प्रोसेसमध्ये पडलेली होती. किल्ली वेगळ्या प्रोसेसकडे असती आणि वेब सर्व्हर तिच्याकडून नुसतं "यावर सही करून दे" एवढंच मागत असता, तर चूक तीच राहूनही किल्ली वाचली असती. पासवर्ड मात्र तरीही बाहेर गेले असते, हेही खरं.

दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणाऱ्या ओपनएसएसएचवाल्यांनी हे २००२ मध्येच केलं होतं. नील्स प्रोवोसने तिथे अधिकारांची फाळणी आणली. अनोळखी माणसाशी बोलणारी प्रोसेस अधिकारशून्य, एका रिकाम्या डिरेक्टरीत कोंडलेली. तिच्यामागे अधिकार असलेला मॉनिटर, आणि दोघांमध्ये मोजकेच ठरलेले प्रश्न. छान. पण १ जुलै २०२४ ला त्याच ओपनएसएसएचमध्ये एक गंभीर भोक जाहीर झालं, आणि ते भिंतीच्या आतल्या बाजूला होतं, अधिकार असलेल्या भागात. लॉगिनची मुदत संपल्यावर चालणाऱ्या सिग्नल हँडलरमध्ये. म्हणजे भिंत शाबूत आणि चोर घरातच. त्याच दिवशी आलेल्या ९.८ आवृत्तीत त्यांनी आणखी एक तुकडा पाडला: नुसतं दारावर बसून येणाऱ्याला घेणारा एक प्रोग्राम, आणि प्रत्येक सेशन चालवणारा वेगळा. २०२५ च्या १०.० मध्ये ओळख पटवण्याचं कामही स्वतंत्र प्रोग्राममध्ये गेलं. बावीस-तेवीस वर्षं एकाच प्रोग्रामकडे बघून अजून कुठे कापायचं याचा विचार करणारी माणसं मला फार आवडतात. आपल्याकडे दोन वर्षांत सगळं नव्याने लिहायची घाई.

आणि पोस्टग्रेस, आमचा डेटाबेस. प्रत्येक कनेक्शनला तो वेगळी प्रोसेस देतो, म्हणून लोकांना वाटतं की एक मेली तर बाकीच्यांना काय. पण त्या सगळ्यांची एक सामायिक मेमरी असते. एखादी प्रोसेस अवेळी कोसळली की पोस्टमास्टर, म्हणजे त्याची मुख्य प्रोसेस, बाकीच्यांनाही घरी पाठवतो आणि ती मेमरी पहिल्यापासून मांडतो, कारण मरणाऱ्याने जाता जाता तिथे काय खरडून ठेवलं असेल याचा भरवसा नाही. लॉगमध्ये "दुसरी सर्व्हर प्रोसेस कोसळल्यामुळे तुमचं कनेक्शन बंद करत आहोत" अशा अर्थाची ओळ येते. पहिल्यांदा वाचली की अन्याय वाटतो. मला मात्र हा फार प्रामाणिक सर्व्हर वाटतो. जिथे भिंत नाही तिथे ती असल्याचा आव तो आणत नाही.

आता आमचं. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. ऑफिस ए. बी. रोडला, लॅब माळवाभर पसरलेल्या. मी आले तेव्हा सर्व्हरवर एकच मोठी प्रोसेस होती. नमुन्याची नोंद, बारकोड, बिल, मशीनकडून येणारे आकडे, रिपोर्टची पीडीएफ, एसएमएस, सगळं तिच्यात. आधीच्या मंडळींनी ती चांगली लिहिली होती, अजूनही मी तिला नावं ठेवत नाही.

एका लॅबने आपला नवा लोगो चढवला. मालकांनी तो फ्लेक्सवाल्याकडून करून घेतला होता, आणि फ्लेक्सवाल्याने दुकानावरच्या बोर्डाची फाइलच पाठवून दिली होती. वीस हजार गुणिले वीस हजार पिक्सेल. बराचसा भाग एकाच निळ्या रंगाचा, त्यामुळे डिस्कवर ती फाइल अगदी किरकोळ दिसत होती. पण उघडल्यावर एका पिक्सेलला चार बाइट, चाळीस कोटी पिक्सेल, म्हणजे एकशे साठ कोटी बाइट. एका रिपोर्टमागे. आणि सकाळी आठला रिपोर्ट एक एक करून कुठे निघतात!

लॅबमध्ये सकाळी काय असतं ते बघितलेल्यालाच कळेल. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं, बहुतेक वयस्कर. रक्त दिलं की समोरच्या ठेल्यावर पोहे-जिलबी, हे आधीच ठरलेलं. सुई टोचायच्या आधी बारकोडचं स्टिकर निघावं लागतं, नाहीतर नळी कुणाची ते कोण सांगणार? त्या दिवशी स्टिकर थांबले. त्या एका लॅबचे नाही, सगळ्यांचे. कर्नलच्या लॉगमध्ये एकच कोरडी ओळ: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि पुढे आमच्या प्रोसेसचा नंबर. मेमरी संपली की कर्नल साधारणपणे सगळ्यांत जास्त खाणाऱ्याला उचलतो. आमच्याकडे खाणारी एकच होती. ती परत उभी राही, तोच रिपोर्ट परत हातात घेई, परत मरे. फोनवर लॅबचे काका म्हणत होते, "अहो ताई, इथे लोक चिडलेत. लोगोचं आम्ही नंतर बघू, आधी स्टिकर तर निघू द्या."

लोगो काढला, काम सुरू झालं. चढवलेल्या चित्राचं माप तपासायची अटही त्याच दिवशी घातली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण पुढचं चित्र दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने वाकडं असेल. पीडीएफ करणं म्हणजे चित्रं उलगडणं, फॉन्ट वाचणं, देवनागरी जोडाक्षरं बसवणं. यातलं आम्ही एकही ओळ लिहिलेलं नाही, सगळी दुसऱ्यांची सी आणि सी प्लस प्लसमधली मोठमोठी लायब्ररी, आणि त्यांच्या तोंडात जातं ते बाहेरच्या कुणीही दिलेलं काहीही.

इथे मला बर्नस्टाइन पुन्हा भेटला. २००७ मध्ये, क्यूमेलच्या दहा वर्षांनंतर, त्याने मागे वळून एक निबंध लिहिला. मला वाटलं होतं, लहान प्रोग्राम आणि वेगवेगळे युजर यांची तो पाठ थोपटेल. त्याने उलटंच म्हटलं: प्रत्येकाचे अधिकार कमी करत बसण्यात आपण भलतीकडेच लक्ष दिलं, त्याने नुकसान कमी होतं पण भोक बुजत नाही. खरं काम म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो असा कोडच कमी करणं. त्याचं उदाहरण चित्राचंच होतं. एक चित्र आत, उलगडलेलं चित्र बाहेर, इतकंच काम असलेला भाग अशा कोठडीत घाला की त्यात कितीही चुका असल्या तरी बिघडेल ते फक्त तेच एक चित्र. मग त्या कोडवर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही. (क्यूमेललाही एक गालबोट आहे. २००५ मध्ये कुणीतरी ६४ बिटच्या मशीनवरचा दोष दाखवला, बर्नस्टाइन म्हणाला एवढी मेमरी कोण देतं, मर्यादा असतेच. २०२० मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी दाखवून दिलं की सगळीकडे ती मर्यादा घातलेली नसते.)

आमची पीडीएफची प्रोसेस आता तशी आहे. एका पाइपमधून रिपोर्टचा मजकूर आणि चित्रं आत, दुसऱ्यातून पीडीएफ बाहेर. वेगळा युजर. नेटवर्क नाही. डेटाबेसचा पासवर्ड तिला माहीत नाही, पेशंटचा मोबाइल नंबर तिच्यापर्यंत जातच नाही. मेमरीची मर्यादा ५१२ एमबी, आणि ती आम्ही खरोखर घातली आहे. वीस सेकंदांत झालं नाही तर संपली. एकाच रिपोर्टवर तीनदा मेली तर तो रिपोर्ट बाजूच्या फोल्डरमध्ये जातो आणि माणसाने बघायचा. पोस्टफिक्समध्येही खराब निघालेल्या मेलसाठी करप्ट नावाचं असंच एक फोल्डर असतं, तिथूनच उचललं.

एसएमएसही वेगळा काढला, पण वेगळ्या कारणासाठी. तिथे अविश्वास नव्हता, वाट बघणं होतं. समोरच्या गेटवेचा मूड असेल तेव्हा उत्तर येतं, आणि तोवर बारकोडने का ताटकळावं?

यानंतरची दुखणी मात्र कुणी आधी सांगत नाही. फंक्शनला हाक मारली की एकतर उत्तर येतं नाहीतर एरर. वेगळ्या प्रोसेसला हाक मारली की तिसरं उत्तर असतं: काहीच नाही. एसएमएस गेला आणि "गेला" असं लिहायच्या आत प्रोसेस मेली, तर? नवी उभी राहते, वहीत नोंद नाही, म्हणून परत पाठवते. एका आजोबांना मुलाच्या रिपोर्टचा तोच मेसेज दोनदा आला आणि त्यांनी घाबरून लॅबला फोन केला, "दोनदा कळवताय म्हणजे काही गंभीर आहे का हो?" पाठवणं आणि नोंद करणं यांच्यामधली ती चीर पूर्ण बुजत नाही. आधी नोंद करा, मग कधी तरी मेसेज जाणारच नाही. नंतर करा, मग कधी तरी दोनदा जाईल. आम्ही दोनदा पत्करलं, आणि मेसेजमध्ये रिपोर्टचा नंबर नि वेळ घातली, म्हणजे दुसरा आलाच तरी तोच आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. शिवाय एकच काम तीन प्रोसेसच्या तीन लॉगमध्ये विखुरतं, म्हणून प्रत्येक नमुन्याला सुरुवातीलाच एक खूण लावून ती सगळीकडे फिरवावी लागते. हे पहिल्याच दिवशी केलं नाही तर रात्री अकराला सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू खायला गेलेल्या माणसाला फोनवर लॉग वाचून दाखवावे लागतात.

एकदा कापायची चटक लागली की मग सगळंच कापावंसं वाटतं. मधे एक सल्लागार आले होते, त्यांनी फळ्यावर चौकोन काढले: पेशंट सेवा, डॉक्टर सेवा, बिल सेवा, नमुना सेवा. आमच्या डेटाबेसमधल्या टेबलांची नावंच चौकोनात घातली होती. मी विचारलं, नमुना घेतला आणि बिल झालं, हे आज एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. दोन्ही होतात नाहीतर दोन्ही होत नाहीत. उद्या मध्ये भिंत आली की अर्धवट राहिलेलं कोण निस्तरणार? ते म्हणाले, त्यासाठी पॅटर्न आहेत. आहेत, मान्य. पण पोस्टग्रेस मला जे फुकट देतो ते मोडून परत हाताने लिहायला माझ्याकडे माणसं नाहीत. बिलावर माझा अविश्वास नाही, बिल मेमरी खात नाही, बिल कुणाची वाट बघत नाही. मग त्याला वेगळं घर कशाला? नमुना आणि बिल आजही एकाच प्रोसेसमध्ये आहेत, आणि राहतील. मशीनकडून आकडे घेणारा भाग मात्र गेल्या पावसाळ्यात बाहेर काढला. मशीनचे प्रोटोकॉल जुने, वायर सैल, आणि काहीही कचरा आत येतो.

सध्या वाद चालू आहे लॉगिनचा. ती नवी मुलगी आता इतकी रुळलीय की माझ्याच टेबलापाशी येऊन मला म्हणते, "ताई, ओपनएसएसएचने ओळख पटवणं वेगळं काढलं, आपण का नाही? पासवर्डचे हॅश मुख्य प्रोसेसला दिसायची काय गरज?" मुद्दा बिनतोड आहे. मी म्हणते, लॉगिन बंद पडलं तर सकाळी स्टिकर परत थांबतील. ती म्हणते, आधी लॉगिन केलेल्यांचं काही थांबणार नाही, फक्त नव्याने येणाऱ्यांचं थांबेल. मी तिला सांगितलंय, दोन प्रोसेसमध्ये जाणारे-येणारे प्रश्न एका कागदावर लिहून आण. पाचाच्या वर गेले तर काढायचं नाही. काल आणला तेव्हा सात होते, आणि त्यातले दोन कसे गाळता येतील यावर ती चहा गार होईपर्यंत बोलत होती.